उपासनींनी बोर्डावर लावलेला प्रोग्राम

नंदकिशोर उपासनींनी आयुष्यात एकच बंड केलं, आणि तेही चार ड्रॉइंगपिनांच्या जोरावर. त्या पिनाही ऑफिसच्या नव्हत्या. ऑफिसातून पिना घ्यायच्या तर मागणीपत्र भरावं लागतं, मागणीपत्रात 'प्रयोजन' असा रकाना असतो, आणि त्या रकान्यात 'बंड' असं लिहायची सोय सरकारनं अजून केलेली नाही. म्हणून त्यांनी नेरूळ स्टेशनबाहेरच्या दुकानातून स्वतःच्या खिशातून पिनांची डबी आणली आणि सोमवारी सकाळी, बेलापूरच्या ऑफिसात कोणी यायच्या आत, नोटीस बोर्डावर एक कागद लावून टाकला.

कागद म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रिंटरमधून निघतो तो, दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा आणि सलग. वरचं टोक बोर्डावर टोचलं, खालचं सोडून दिलं, तर ते जमिनीवर उतरून पाण्याच्या माठापर्यंत पोचलं. माथ्यावर उपासनींनी लाल स्केचपेननं लिहिलं होतं, "हिवतापाचा मासिक आकडा काढायचा प्रोग्राम. कोणीही चालवून पाहावा. चूक सापडल्यास सांगावी."

हे ऑफिस हिवताप नियंत्रणाचं. उपासनी तिथे सांख्यिकी सहाय्यक. गावागावांतून आणि सेक्टरांतून लोकांची बोटं टोचून रक्ताच्या काचपट्ट्या यायच्या, त्यातल्या किती दूषित निघाल्या त्यावरून टक्केवारी निघायची, आणि जिथली टक्केवारी सगळ्यांत जास्त तिथे फवारणीचं पथक जायचं. पथक एकच होतं. धुराचं मशीनही एकच होतं, आणि ते सुरू व्हायला मूड लागायचा. त्यामुळे आकडा म्हणजे चेष्टा नव्हती हो! आकडा चुकला की गाव तापानं फणफणत राहायचं आणि पथक भलतीकडेच गुलाबाच्या कुंड्यांवर धूर सोडत बसायचं.

आणि हा आकडा निघायचा कसा? तर साहेब, म्हणजे डॉक्टर रावसाहेब मोहिते, मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा काढायला सांगायचे आणि त्यातून दहा टक्के वजा करायचे. बस्स. "उपासनी, आपल्याकडे घट आहे," ते म्हणायचे, "आणि घट असेल तर ती दिसली पाहिजे." अशी घट गेली कित्येक वर्षं चालू होती. तिच्या जोरावर साहेबांचं नाव प्रशस्तिपत्रासाठी वर गेलं होतं. ह्या गतीनं आणखी काही वर्षांत डासांनाच इथे हिवताप शोधत फिरावं लागलं असतं.

उपासनींनी हे मुकाट्यानं सोसलंही असतं. पण एका मीटिंगमध्ये वरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हा आकडा कसा काढला?" साहेबांनी बोट दाखवलं, "ह्यांनी." सगळ्या माना वळल्या. उपासनी उभे राहिले, घसा खाकरला, पाणी प्यायले, आणि खाली बसले. खरं सांगावं तर साहेबांची बेअब्रू, खोटं सांगावं तर स्वतःची. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी वरणभातसुद्धा रागानं खाल्ला. आणि मग एसी खोलीत, चपला बाहेर काढून, हळदकुंकू वाहिलेल्या त्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी हा प्रोग्राम लिहिला. पट्ट्यांची माहिती घाला, बटण दाबा, आकडा बाहेर. उपासनींनी दाबा नाहीतर शिपायानं दाबा, आकडा तोच. आकडा बदलायचाच असेल तर शेवटी प्रोग्राम विचारायचा, "बदल करायचा आहे का?" हो म्हटलं की विचारायचा, "नाव? कारण?" आणि दोन्ही आकड्याखाली छापायचा. ही शेवटची खोच उपासनींना रात्री अंथरुणात सुचली होती आणि त्यांनी स्वतःशीच टाळी दिली होती.

आता एवढं मोठं बंड झाल्यावर ऑफिसात काय भूकंप व्हावा! पण झालं एवढंच की जावक क्रमांकाचा वाद निघाला. बोर्डावर लागणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक पाहिजे. पण हा कागद एक की अनेक? फाडला तर अनेक, न फाडला तर एक. आवकवाले म्हणाले, घडी आहे तिथे पान संपतं. जावकवाले म्हणाले, घडी आहे म्हणजे पान नव्हे, नाहीतर धोतरालासुद्धा क्रमांक द्यावे लागतील. यावर दुपारचा चहा झाला. प्रोग्राम मात्र कोणी वाचला नाही. उपासनी दिवसभर कोणीतरी येऊन "वा!" म्हणेल किंवा निदान "छे!" तरी म्हणेल म्हणून टेबलाशी ताठ बसून होते.

संध्याकाळी सोसायटीत मात्र बातमी पोचलेली. शेजारचे दिलीप गुप्ते जिन्यातच उभे. गुप्ते बँकेत होते आणि सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी होते.

"उपासनीसाहेब, प्रोग्राम भिंतीवर लावलात म्हणे? खुळे की काय तुम्ही?"

"त्यात खुळेपणा कसला? लोकांच्या पैशाचं खातं, लोकांच्या तापाचा आकडा. कसा काढला ते लोकांना दिसायला नको?"

"अहो, दिसलं की संपलं! सगळ्यांना जमायला लागलं तर उद्या तुम्हाला विचारणार कोण? आता माझं बघा. कुठल्या विंगला पाणी कधी सोडायचं ते सगळं इथे," गुप्त्यांनी कपाळावर बोट ठेवलं, "कागदावर एक अक्षर नाही. म्हणून दरवर्षी सेक्रेटरी कोण? मी! उगाच टेन्शन घेऊ नका, उद्या जाऊन काढून टाका तो कागद."

गुप्त्यांच्या विंगला, आणि शेजारी म्हणून उपासनींनाही, पाणी नेहमीच बरं यायचं, हा योगायोग उपासनींच्या तेव्हा लक्षात आला नाही.

तेवढ्यात आतून गुप्त्यांच्या आई, सरस्वतीबाई, बाहेर आल्या. "लावलाय तर लावलाय," त्या म्हणाल्या, "पण एक जिन्नस मागे ठेवला असशील ना? मी पण मसाल्याचं माप देते हो सगळ्यांना. पण एक जिन्नस सांगत नाही. सुनेलासुद्धा नाही. मग येतात मुकाट्यानं विचारायला."

"काकू, मी सगळे जिन्नस सांगितलेत," उपासनी म्हणाले.

सरस्वतीबाईंनी त्यांच्याकडे फार दयेनं पाहिलं आणि आत जाऊन ही गोष्ट सुनेला सांगितली.

आठवडा गेला. कोणी प्रोग्राम चालवला नाही, कोणी चूक काढली नाही. उपासनींना हळूहळू वाटू लागलं की चूक नाहीच मुळी! ते घरीदारी तसं बोलायलाही लागले. "उघड्यावर ठेवलाय, कोणाची हिंमत आहे का बोट ठेवायची?" असं ते आमटीचा भुरका मारताना म्हणत. जास्तीची एक प्रत त्यांनी घरी आणली होती, ती त्यांच्या बायकोनं, वैजयंतीनं, स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली पसरली. वैजयंती शाळेत गणित शिकवायची. डबे पुसता पुसता समोर आलेलं गणित न तपासता सोडून देणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

"अहो," तिनं साबुदाण्याचा डबा उचलून विचारलं, "हे भागताय ते कशानं?"

"गावातून आलेल्या एकूण पट्ट्यांनी. दूषित भागिले एकूण. सोपं आहे."

"दर महिन्याच्या शेवटी तुम्ही बोटाला कापूस लावून घरी येता, ती पट्टी कुठल्या गावात धरलीय?"

उपासनींनी घास ताटात ठेवला आणि स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

त्याचं असं होतं. दर कर्मचाऱ्याला महिन्याच्या पट्ट्यांचं टार्गेट. शिरवणे गावाचा कर्मचारी नामदेव, तिथलाच राहणारा, आगरी घरातला, कामाला वाघ. पण दिवसा गावातली निम्मी माणसं कामावर. टार्गेट भरायचं कसं? मग महिनाअखेर ऑफिसात 'बोट देण्याचा' कार्यक्रम व्हायचा. चहा सांगायचा आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी हात पुढे करायचा. ह्याला सहकार्य म्हणत. त्या सगळ्या पट्ट्या शिरवण्याच्या नावावर चढत. नामदेव सरळ माणूस, पत्त्याच्या जागी 'ऑफिस' असं स्वच्छ लिहायचा. पण कॉम्प्युटरला पत्ता वाच म्हणून उपासनींनी सांगितलंच नव्हतं! म्हणजे पंख्याखाली बसणाऱ्या अख्ख्या ऑफिसचं निरोगी रक्त बिचाऱ्या शिरवण्याच्या पदरात पडत होतं, आणि कागदावर शिरवणं ठणठणीत दिसत होतं.

"चूक सापडल्यास सांगावी, असं तुम्हीच लिहिलंय," वैजयंती म्हणाली.

"लिहिलंय. पण ते... ते ऑफिसातल्या लोकांसाठी होतं."

"बरं, मग मी डबा परत ठेवते."

उपासनी त्या रात्री कुशीवर वळून झोपले. माणूस चूक सांगा म्हणतो तेव्हा त्याला मनातून चूक नाही असंच ऐकायचं असतं, हो की नाही? फळीवरच्या डब्यांखाली आपली अब्रू अंथरलेली आहे असं त्यांना सारखं वाटत होतं. गुपचूप दुरुस्त करून टाकावं, कोणाला कळतंय, असंही मनात येऊन गेलं. पण मग त्यांच्यात आणि मोहितेसाहेबांत फरक तो काय राहिला? सकाळी त्यांनी दाढी करताना आरशातल्या माणसाला दम भरला आणि ऑफिसात जाऊन प्रोग्राम दुरुस्त केला. ऑफिसचा पत्ता असलेल्या पट्ट्या वगळल्या, आणि जुन्या कागदाशेजारी नवा, निघालेल्या आकड्यासकट, लावून वर लिहिलं, "आधीचा आकडा चुकला होता. चूक उपासनींची. सापडली सौ. वैजयंती उपासनींना." हे लिहिताना त्यांचा कान लाल झाला होता, पण अक्षर चांगलं आलं.

आकडा बदलला, तसा शिरवण्याचा नंबर तळातून उठून थेट पहिला आला.

नामदेव बोर्डासमोर उभा राहिला. मग टोपी काढून उपासनींच्या टेबलाशी आला. "साहेब, मी कवापासून बोलतंय, आमचे गावान घराघरान ताप हाय. माजी बायको काशी आठ दिस झोपून हाय. आन् कागदावर बगतो तं आमचा गाव येकदम झकास!"

"अरे, पण त्या ऑफिसच्या पट्ट्या तूच चढवल्यास ना?"

"मंग काय करू? साहेब टार्गेट लावतान. मानसा कामाला जातान, घरान कोन नाय. मी बोटा कुठशी आनू?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "मीच माजे गावाचा ताप झाकला ना ओ?"

"दोघांनी मिळून झाकला," उपासनी म्हणाले. "आता उघडा केलाय. पथक शिरवण्यालाच जाणार. बघतोच मी कसं जात नाही ते!"

बोलून गेले खरे. साहेबांनी तासाभरात बोलावलं.

"उपासनी, हे काय? वाढ?"

"वाढ नाही साहेब, आधी कमी दिसत होतं."

"माझ्या कारकिर्दीत वाढ नाही!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्या प्रशस्तिपत्राची फाईल नेमकी तिथेच होती. "तो कागद काढा. आकडा नेहमीसारखा करा."

"नेहमीसारखा म्हणजे कसा, ते लिहून द्याल का साहेब? म्हणजे प्रोग्राममध्ये घालतो."

एवढं उलट उत्तर उपासनींनी जन्मात कोणाला दिलं नव्हतं. आपल्याच तोंडून ते बाहेर पडलेलं ऐकून ते स्वतःच दचकले. पण मागे घेतलं नाही, शाब्बास!

चार वाजेपर्यंत कागद बोर्डावरून उतरला होता आणि उपासनींच्या हातात नोटीस पडली होती. कार्यालयीन कामकाजाची पद्धत विनापरवाना उघड केल्याबद्दल कारणे दाखवा. कॉम्प्युटरचा चार्ज काढून घेण्यात येत असून आपली नेमणूक भांडार विभागात करण्यात येत आहे. भांडार म्हणजे फिनेल, चुन्याची पोती आणि मोडक्या खुर्च्या. ज्या माणसानं टक्केवारीत आयुष्य घातलं त्याला खराटे मोजायला बसवलं!

"मी काय सांगितलं होतं?" गुप्ते जिन्यातच होते. "माफी लिहून द्या. दोन ओळी. मी मजकूर सांगतो."

"कारणं दाखवा म्हणालेत ना? दाखवतो की!" उपासनी म्हणाले आणि त्यांनी चांगलं खरमरीत उत्तर लिहिलं. ते इथे देत नाही, कारण त्यानं काहीच झालं नाही. झालं ते साहेबांच्या स्वतःच्या पत्रानं.

नोटिशीची एक प्रत वरच्या कार्यालयाला पाठवायची पद्धत. आणि गुन्हा आहे म्हटल्यावर पुरावा पाहिजे. म्हणून साहेबांनी खाली टीप घातली, "सदर प्रोग्रामची प्रत सोबत जोडली आहे." आता वरच्या कार्यालयाची एक रीत आहे, ती सगळ्या नोकरदारांना ठाऊक आहे. तिथे पत्र कोणी वाचत नाही, सोबत काय जोडलंय ते पाहतात. आणि एकदा जोडलेली गोष्ट पुन्हा आली नाही की त्यांना चुकल्यासारखं होतं. महिनाअखेरीस वरून उत्तर आलं, "आपल्या कार्यालयाने आकड्यासोबत प्रोग्रामची प्रत जोडल्याची नोंद घेतली आहे. यापुढे दरमहा अशीच प्रत जोडावी. प्रतीशिवाय आकडा स्वीकारला जाणार नाही."

साहेबांनी ते पत्र उलटंसुलटं करून वाचलं म्हणतात.

कॉम्प्युटरवर आता जाई होती, वाशीच्या क्लासमधून नुकतीच शिकून आलेली, हंगामी. भांडार आणि कॉम्प्युटरची खोली यांच्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं आणि प्लायवुडला एक फट होती. फटीशी फिनेलच्या डब्यांवर उपासनी बसले होते. कान लावून, असं आपण म्हणणार नाही. बसायला दुसरी जागा नव्हती.

"सर, आकडा आला. शिरवणे पहिलं," जाईचा आवाज आला.

"पहिलं नाही. मागच्या वर्षीच्या आकड्यातून दहा टक्के कमी कर."

"करते ना सर. बदल करायचा का विचारतोय, हो म्हणते. सर, नाव विचारतोय."

"कोणाचं?"

"ज्यानं बदल केला त्याचं. तुमचं टाकू?"

तिकडे एसीची घरघर, इकडे उपासनींच्या छातीची.

"माझं कशाला? तुझं टाक."

"मी कशाला सर? मी हंगामी आहे. आणि कारण पण विचारतोय. काय लिहू?"

"लिही... प्रशासकीय."

"बरं सर, नाव सांगा मग."

सरकारी ऑफिसात काय वाटेल ते मिळेल, पण आधी सही करणारा माणूस मिळणार नाही. साहेबांनी स्वतः आजवर एकही सही खालच्या माणसाची सही असल्याशिवाय केलेली नव्हती. त्यांनी हेडक्लार्कला बोलावलं. हेडक्लार्क म्हणाले, विषय तांत्रिक आहे. लॅबवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, विषय प्रशासकीय आहे. नामदेवला बोलावलं. नामदेव दारातच उभा राहिला.

"नामदेव, शिरवण्याचा आकडा जरा कमी करायचाय. तुझं नाव घालू?"

"घाला ना साहेब," नामदेव म्हणाला. "आन् कारनामधी लिवा, काशीचा ताप साहेबांना दिसला नाय."

मग साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, चपला पायात अडकवल्याचा झाला, आणि दारातून जाता जाता शब्द आले, "आहे तसा पाठवून दे!"

उपासनी डब्यावरून उठले. त्यांना ओरडावंसं वाटलं. पण भांडारात ओरडलेलं ऐकायला खराट्यांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी एका खराट्यालाच टाळी दिली.

त्याच आठवड्यात पथक शिरवण्यात शिरलं. धुराचं मशीन मूडमध्ये होतं. नामदेव स्वतः पुढे चालत एकेक घर दाखवत होता, "ह्या बी घर घ्या, त्या मागचा पानी बगा," आणि काशी उंबऱ्यात शाल गुंडाळून बसून पथकाला कुठलं डबकं राहिलं ते ओरडून सांगत होती. साहेबांचं प्रशस्तिपत्र मात्र हुकलं. उपासनींची शिक्षा काही माफ झाली नाही. कारण ती मागे घ्यायची तर त्यावरही कोणीतरी आधी सही करायला हवी होती.

पुढच्या महिनाअखेरीस उपासनी सकाळपासून तयारीत होते. आता अडणार. जाई येणार, "सर, जरा बघता का?" म्हणणार. आपण जरा आढेवेढे घेणार. दुपार झाली, चहा झाला. न राहवून ते चपला काढून एसी खोलीत डोकावले.

"आकडा?"

"मघाशीच पाठवला सर. तुमची एक बारीक चूक होती, एकच पट्टी दोनदा चढली तर दोनदा मोजत होता. मी सुधारली. नाव टाकलंय माझं." तिनं कागद दाखवला. उपासनींच्या नावाखाली वैजयंतीचं नाव, त्याखाली जाईचं. जाईनं त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

उपासनींना राग आला. मग वाईट वाटलं. मग, का कोण जाणे, बरं वाटलं. ट्रेनमध्ये बसल्यावर तर त्यांना हसूच फुटलं, आणि शेजारचा माणूस सरकून बसला.

जिन्यात गुप्ते होतेच. "काय साहेब, काय म्हणालो होतो? आज आकडा गेला म्हणे तुमच्याशिवाय. आता तुम्हाला विचारतंय का कोणी?"

"नाही विचारत!" उपासनी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सरस्वतीबाई बाहेर आल्या. "कोणी कोणी विचारत नाही! मी उद्या मेलो तरी आकडा बरोबर येणार आहे, गुप्ते! आहे का तुमचं तसं?"

"म्हणजे?"

उपासनींनी खिशात हात घातला. डबी तिथेच होती. एवढे दिवस ती का बाळगली ते त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"कुठल्या विंगला पाणी कधी सोडायचं, ते कसं ठरवता, तेवढं एका कागदावर लिहून द्या. खालच्या बोर्डावर लावू," ते म्हणाले. "नावासकट, कारणासकट. पिना माझ्याकडे आहेत."